हवेचा तंबू रोज सकाळी ढिला पडतो? पंक्चर शोधायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. संध्याकाळी तंबू उभा केला तेव्हा कमानी, म्हणजे काठ्यांऐवजी तंबू उभा धरणाऱ्या हवा भरलेल्या नळ्या, टणक होत्या, अंगठ्याने दाबलं तरी दबत नव्हत्या. सकाळी बघावं तर छत खाली आलेलं, मधली कमान एका अंगाला कललेली, कापडाला झोळ. पंप काढून पुन्हा हवा भरली, दिवस बरा गेला, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग ‘पंक्चर आहे’ असा निकाल लागतो, पॅचचं पाकीट उघडतं आणि एकेक ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवणं सुरू होतं. बऱ्याचदा भोक सापडत नाही, कारण ते नसतंच.

पॅच हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. सगळ्या कमानी सारख्याच ढिल्या पडल्यात की एकच? आणि हात न लावता तसाच सोडला तर ऊन वर आल्यावर तंबू आपोआप ताठ होतो का? सगळ्या सारख्या ढिल्या आणि दुपारी पुन्हा टणक, तर हवा कुठेही गेलेली नाही, ती फक्त गार झाली होती. एकच कमान बसली आणि दुपारीही उठली नाही, तर ती गळतेय. पण तिथेही पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्यायचा, ट्यूबवर नंतर. सगळ्याच बसल्या आणि एकही उठली नाही, तर कमानींना जोडणाऱ्या नळीकडे बघा.

कमानीची रचना डोक्यात असली की पुढचं सोपं जातं. आत टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकची ट्यूब असते, तिच्यावर जाड, न ताणणाऱ्या पॉलिस्टरची खोळ आणि त्या खोळीला चेन. हवा ट्यूब धरते, पण दाब पेलते ती खोळ.

गार हवेचा हिशोब

बहुतेक फॅमिली तंबूंच्या कमानींना ५ ते ९ पीएसआय (दाबाचं एकक, दर चौरस इंचाला पौंड) दाब लागतो. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. समजा तो ७ आहे आणि तुम्ही दुपारी ३५ अंश सेल्सिअसला हवा भरली. पंपावरच्या दाबाच्या काट्यावर दिसणारे ७ हे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचे असतात. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ धरला, तर ट्यूबच्या आत खरा दाब झाला २१.७. तापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, घेतलं तर ३५ अंशांचे होतात ३०८. पहाटे पारा १५ वर आला, म्हणजे २८८. हवा तेवढीच, जागाही जवळजवळ तेवढीच, तेव्हा दाब तापमानाच्या प्रमाणात उतरणार: २१.७ चे झाले २०.३. त्यातून बाहेरचे १४.७ वजा करा. काट्यावर उरले ५.६. एक फुंकरही बाहेर न जाता दाबाचा पाचवा हिस्सा गेला, आणि एवढ्यात कमान हाताला स्पष्ट मऊ लागते.

आता याची उलट बाजू बघा, खरा धोका तिथे आहे. पहाटे १५ अंशांना तंबू ढिला दिसला म्हणून पुन्हा बरोबर ७ पर्यंत भरला. दुपारी उन्हात ट्यूब ४५ अंशांपर्यंत तापली, तर तोच दाब ९.३ च्या आसपास जातो. हा जादा ताण खोळीच्या शिवणीवर आणि चेनवर येतो. काही तंबूंना जादा दाब आपोआप सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. तो दुपारी थोडी हवा सोडून देतो आणि आपलं काम चोख करतो. पण सोडलेली हवा संध्याकाळी परत येत नाही. रात्री कमान आणखी ढिली, सकाळी पुन्हा पंप, दुपारी पुन्हा हवा बाहेर. असं चार दिवस चाललं की कोणालाही वाटेल तंबू गळतोय. गळत काही नाही, भरायची वेळ चुकतेय.

म्हणून हवेची तपासणी ऊन उतरल्यावर, झोपायच्या आधी करायची. तेव्हा कमी वाटली तर पंपाचे दोन-चार हात मारायचे. सकाळचा ढिलेपणा, छत उभं असेल आणि वारा-पाऊस नसेल, तर तसाच सोडून द्यायचा. सकाळी भरावंच लागलं तर दुपारी ऊन चढायच्या आत थोडी हवा सोडायची आठवण ठेवा.

याच जातीची एक छोटी गोष्ट: तंबू नुकताच फुगवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत किंचित मऊ होतो. पंपाने दाबलेली हवा थोडी गरम झालेली असते, ती निवते. शिवाय खोळ आणि ट्यूब ताण घेऊन बसतात. थांबा, पुन्हा बघा, लागलं तर भरा. ही गळती नव्हे.

काटा शून्यावर का येतो

पंपावरचा काटा फार लोकांना फसवतो. हात खाली दाबला की काटा ७ वर, हात थांबला की सरळ शून्यावर. पण काटा बसवलेला असतो पंपाच्या नळीत. कमानीचा व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो, तो मिटला की कमानीतला दाब काट्यापर्यंत पोचायला वाटच नसते. काट्याला दिसते ती फक्त नळीतली हवा, आणि ती पंपातून निसटून जाते. जोरात, घाईघाईने पंप मारला तर काटा खऱ्या दाबाच्या वरही उडी मारतो. शेवटचे सात-आठ हात सावकाश, सलग मारा. हात खाली जाताना काटा जिथे स्थिर सरकतो तो आकडा धरा.

पंपाबद्दल आणखी एक. गादी फुगवायचा छोटा विजेचा पंप हवा भरपूर फेकतो, पण त्याचा दाब १ पीएसआयच्या आसपास संपतो. त्याने तंबू उभा राहतो, दिसतो छान आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला वाकतो. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर याच्या उलट: हवा थोडी, दाब प्रचंड. त्याच्या काट्यावर ७ चा आकडा पट्टीच्या अगदी सुरुवातीला, चिमटीएवढ्या जागेत असतो आणि चुकीला जागा राहत नाही. तंबूबरोबर आलेला दुहेरी हातपंप कंटाळवाणा वाटला तरी माझं मत त्याच्याच बाजूने आहे. काही पंपांवर दाब बारमध्ये असतो, ०.५ बार म्हणजे ७ च्या किंचित वर.

खरी गळती: आधी व्हॉल्व्ह

आता एकच कमान रोज बसतेय असं धरू. इथे घाई करू नका, कारण व्हॉल्व्हची गळती पाच मिनिटांत सापडते आणि ट्यूब काढायला अर्धा दिवस जातो.

बहुतेक व्हॉल्व्ह तीन थरांचे असतात. सगळ्यात वर झाकण. त्याखाली आट्यांवर फिरवून बसवलेला मधला भाग, ज्याच्या पोटात रबराची किंवा सिलिकॉनची पातळ चकती असते. पंपाची हवा तिला ढकलून आत जाते आणि आतला दाब तिला परत दाबून भोक बंद करतो. तिसरा थर म्हणजे ट्यूबला वितळवून चिकटवलेलं बूड. गळती या तिन्हीपैकी कुठूनही होते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

कमान पूर्ण दाबाने भरा. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाकून फेस न करता ढवळा. झाकण उघडा आणि ब्रशने किंवा चमच्याने ते पाणी व्हॉल्व्हच्या खळग्यात भरा. मग डोळे जवळ नेऊन थांबा. मोठी गळती लगेच बुडबुडते. पण रात्रभरात कमान बसवणारी गळती बारीक असते. तिचा बुडबुडा अर्धा-एक मिनिट सावकाश फुगतो, एका जागी चिकटून राहतो, फुटतो आणि पुन्हा तिथूनच दुसरा निघतो. तो अगदी मधून येत असेल तर चकतीखाली काहीतरी अडकलंय. कडेच्या आट्यांतून येत असेल तर मधला भाग ढिला आहे, वाकडा बसलाय किंवा त्याखालचं रबरी वायसर सरकलंय. बाहेरच्या बुडाच्या काठावरून, म्हणजे प्लास्टिक आणि ट्यूब जिथे चिकटतात तिथून येत असेल तर ते चिकटकाम सुटलंय. बूड सुटलं असेल तर पॅचच्या नादी न लागता ट्यूबच बदलायची.

सगळ्यात जास्त वेळा दोष चकतीचा निघतो. वाळूचा एक कण, गवताचं तूस, केसाचा तुकडा एवढं पुरतं. कमानीतली हवा पूर्ण सोडा. दाब असताना मधला भाग फिरवला तर तो हातातून उडतो. मग तो काढून साध्या पाण्याखाली धरा, चकतीचा काठ बोटाने हलकेच उचलून खालची बैठक मऊ कापडाने पुसा. चकती दुमडली असेल तर सरळ करा. तेल किंवा व्हॅसलिन लावायचा मोह होतो, पण ते धूळ धरतं आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. बसवताना आधी मधला भाग उलटा, डावीकडे फिरवा. आटे एकमेकांत बसल्याचा बारीक ‘टक’ हाताला कळतो. तिथून उजवीकडे घट्ट करा. हाताने जेवढा होईल तेवढाच. पक्कड लावून आवळलेले प्लास्टिकचे आटे एकदा चिरले की मग ते कायमचेच.

वरच्या झाकणाला लोक हलक्यात घेतात. चकती किंचित गळत असेल तर घट्ट झाकण ती हवा अडवून धरतं. भरून झाल्यावर ते लावलंच पाहिजे आणि त्याच्या आतलं वायसर जागेवर आहे ना हेही बघितलं पाहिजे.

सगळ्या कमानी एकाच जागेवरून भरत असाल तर

काही तंबूंमध्ये एकाच व्हॉल्व्हमधून सगळ्या कमानी भरतात. त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांवर प्रत्येक कमानीजवळ एक बंद करायची चिमटी किंवा खटका असतो. भरताना तो उघडा, भरून झाल्यावर बंद. बंद करायचं राहिलं तर सगळ्या कमानींची हवा एकच. एक गळली की अख्खा तंबू बसतो आणि दोषी कोण ते कळत नाही. सगळे खटके बंद करून एक रात्र ठेवा, सकाळी जी कमान बसेल ती तुमची. कमानींना चिकटपट्टीवर १, २, ३ लिहून ठेवलं तर पुढे आठवणीवर विसंबावं लागत नाही. खटके बंद करूनही सगळ्या ठीक राहिल्या, तर गळती जोडनळीत किंवा मुख्य व्हॉल्व्हमध्ये आहे.

ही चाचणी शक्यतो घरात, छपराखाली, तापमान फार हलत नाही अशा जागी करावी. उघड्यावर केलीत तर वरचा गार हवेचा हिशोब मध्ये घुसेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

ट्यूब बाहेर काढणे

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला तरच ट्यूबला हात घाला. हवा पूर्ण सोडा. खोळीची चेन उघडा. काही खोळींवर चेन आपोआप सरकू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी आवळलेली असते, ती कापायची आणि काम झाल्यावर नवी लावायची. खोळीची चेन पूर्ण लांबीची नसेल तर ट्यूब ओढण्याआधी तिच्या दूरच्या टोकाला एक लांब दोरी बांधा. ट्यूब बाहेर येईल तशी दोरी आत राहील आणि परत घालताना तिनेच ट्यूब ओढून घेता येईल. दोरी नसली की ट्यूब आत सारता सारता अख्खी दुपार जाते.

बाहेर काढलेली ट्यूब पूर्ण दाबाने भरायची नाही, कारण दाब पेलणारी खोळ आता नाही. ती एकीकडे फुग्यासारखी फुगत जाईल आणि कायमची ताणून बसेल. नुसती गोलाई येईल एवढीच हवा. मग टबात थोडी थोडी बुडवत, हाताने दाबत पुढे सरका. बुडबुड्यांची रेघ दिसली की जागा पुसून पेनने गोल करा. पहिलं भोक सापडल्यावर थांबू नका, उरलेली ट्यूबही बघा. घडीवर पडलेल्या भोकाला बऱ्याचदा शेजारी असतो.

पॅच टीपीयूसाठीच असलेला हवा. सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन रबरासाठी असतं, ते इथे धरत नाही. प्लास्टिकच्या तरणतलावासाठी मिळणारा पीव्हीसीचा गोंदही भरवशाचा नाही. ट्यूब सपाट आणि रिकामी करा, भोकाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात ॲसिटोन असू शकतं, ते टीपीयूला बाधतं, ते नको. पॅच गोल कापा, कोपरे ठेवलेत तर तिथून तो उचलतो. भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर तरी पसरू द्या. मधून बाहेर दाबत बसवा, वर जड पुस्तक ठेवा. ओला गोंद वापरला असेल तर किमान २४ तास हवा भरू नका.

आणि एवढं झाल्यावर ट्यूब लगेच खोळीत सारू नका. खोळ उलटी करून आतून हात फिरवा. ज्या काट्याने भोक पाडलं तो अजून तिथेच असतो. शिवणीचा टोकदार दोरा, चेनच्या टोकाचा निघालेला दात, खडा, काहीही. ते न काढता ट्यूब बसवली की त्याच जागी तेच भोक पडतं आणि दोष बिचाऱ्या पॅचला लागतो.

ट्यूब परत घालताना पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेली कमान अर्धीच फुगते, किंवा काट्यावर पुरा दाब दाखवूनही एका जागी बारीक राहते. तसं दिसलं तर जास्त हवा भरून पीळ सुटेल या आशेवर राहू नका. हवा सोडा, चेन उघडा, हाताने सरळ करा. चेन पूर्ण लागली नसेल तर फटीतून ट्यूबचा छोटा फुगा डोकावतो. तो दिसला त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा. दाब वाढला की फुटणार ती तीच जागा.

हवा ठीक आहे, तंबू तरी वाकडा

कमानी टणक, तरी छताला झोळ, तर दोष जमिनीवर आहे. फुगवण्याआधी दारांच्या चेन बंद करून चार कोपरे ठोकायचे. दारं उघडी ठेवून ठोकलेला तळ चौकोनी बसत नाही आणि मग दाराची चेन लागता लागत नाही. खुंटी तंबूच्या उलट दिशेला कलती, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. हवेच्या कमानी वाऱ्यात वाकतात आणि परत उभ्या राहतात, हा त्यांचा गुण आहे, पण बाजूचे दोर न बांधता सोडलेत तर रात्रभर हलून खुंट्या उपसल्या जातात. पाऊस पडून गेल्यावर दोर पुन्हा ताणा. छताच्या झोळात पाणी साचलं की ते वजन कमानीला खाली ओढतं आणि सकाळी पुन्हा वाटतं, हवा गेली.

आत पाण्याचे थेंब दिसले म्हणून शिवण गळतेय असंही लगेच ठरवू नका. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातून अर्धा लिटर पाणी तरी कापडावर बसतं. थेंब सगळीकडे सारखे असतील तर ते दव आहे, हवेच्या खिडक्या उघड्या ठेवा. शिवणीखाली एकाच रेषेत ओघळ असेल तर ती गळती, शिवणीला सीलंट लावा. खाली जादा कापड अंथरत असाल तर ते तळापेक्षा थोडं लहान असू द्या, नाहीतर पावसाचं पाणी तेच गोळा करून तळाखाली आणतं. थंडी किंवा दव घालवायला आत शेगडी किंवा गॅस पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आवरताना

पुढच्या वेळचं दुखणं बहुधा आवरतानाच पेरलं जातं. सगळे व्हॉल्व्ह आणि खटके उघडा, व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळत या, म्हणजे हवा समोरून निघून जाते. घडी संपली की झाकणं लावा. उघडा व्हॉल्व्ह पिशवीतली सगळी माती ओढून घेतो. घडी दर वेळी थोडी सरकवा, ट्यूब एकाच रेषेवर दुमडत राहिली की तिथेच चिरते.

ओला तंबू आवरावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा. दमटपणाने बुरशी धरते ती दिसते, पण त्याहून वाईट न दिसणारं असतं: कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, आंबट वास येतो आणि मग पापुद्रे सुटतात. त्या अवस्थेला पोचलेला थर परत आणता येत नाही. धुवायचा झाला तर गार पाणी आणि मऊ स्पंज; वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर दोन्ही नको, बाहेरचं पाणी झटकणारं लेपन त्याने जातं.

मध्यरात्रीच कमान बसली तर

अंधारात पॅच लावत बसू नका. आधी त्या कमानीचा खटका बंद आहे का बघा, म्हणजे बाकीच्यांची हवा तरी वाचेल. व्हॉल्व्हचं झाकण चाचपा. निम्म्या वेळी ते उघडंच सापडतं, किंवा मुलांच्या हाताने फिरलेलं असतं. झाकण लावून पुन्हा भरा आणि तासभर बघा. तरीही बसत असेल तर बसलेल्या कमानीच्या दोन्ही अंगांचे दोर घट्ट ताणून छत वर ओढून धरा आणि माणसांना उभ्या कमानीच्या बाजूला झोपवा. तीन कमानींचा तंबू शांत हवेत दोनवर रात्र काढतो. वारा जोराचा असेल तर मात्र अर्धवट उभा तंबू ठेवू नका. सगळ्यांना बाहेर काढून गाडीत किंवा पक्क्या आडोशाला पाठवा, सगळे व्हॉल्व्ह उघडून तंबू पूर्ण खाली बसवा, कोपऱ्यांच्या खुंट्या तशाच राहू द्या आणि वर जड सामान ठेवा.